सावलीत मोजलेलं ऊन

मार्च सरत आला की आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक खेळ सुरू होतो. कुणीतरी मोबाइल काढतं आणि म्हणतं, "आज 41." दुसरा म्हणतो, "छे, माझ्यात 43 दाखवतंय." तिसऱ्याने पार्किंगमधल्या गाडीच्या डॅशबोर्डवर 47 पाहिलेले असतात. कुणाचा आकडा खरा यावर थोडा वाद होतो, एसी दोन अंशांनी खाली येतो आणि विषय संपतो. आपल्या मंडळातही एप्रिल-मेच्या कार्यक्रमांत बोलणं याच्या फार पुढे जात नाही. यंदा म्हटलं, हा आकडा येतो कुठून आणि तो आपल्याला काय सांगत नाही, हे जरा नीट लिहून काढू.

हैदराबादचा अधिकृत आकडा येतो बेगमपेठच्या हवामान केंद्रातून, जुन्या विमानतळाजवळून. तापमापक कुठे ठेवतात ते शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाहिलंय. चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी, तिला चारही बाजूंनी झडपा. ही स्टीव्हन्सनची पेटी. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, खाली गवत किंवा मोकळी माती, आत ऊन शिरत नाही पण वारा खेळतो. जगभर हीच पद्धत आहे आणि ती योग्यच आहे, कारण उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. पण याचा अर्थ असा की 42 हा आकडा सावलीतला आहे, वाऱ्यातला आहे आणि मोकळ्या जागेतला आहे. अमीरपेठच्या चौकात दुपारी दोन वाजता डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं डांबर आणि बाजूला बसचं इंजिन असताना उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा लागू पडत नाही. त्याला काय सोसावं लागतं ते बेगमपेठला कळत नाही.

उष्णतेची लाट कधी म्हणायची याचाही नियम आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान 40 हवं आणि ते त्या जागेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, किंवा मग थेट 45 च्या पुढे जायला हवं. डोंगराळ भागासाठी 30 आणि किनाऱ्यासाठी 37 पासून मोजायला सुरुवात होते. नियम म्हणून ठीक आहे, पण त्यात एक गंमत लपली आहे. मे महिन्यात जिथली सरासरीच 40 आहे, तिथे 44 झाले तरी कागदावर लाट येत नाही. नेहमीच होरपळणाऱ्या गावाने जास्त होरपळून दाखवल्याशिवाय त्याची दखल नाही!

हैदराबादचा आजवरचा उच्चांक 45.5 अंशांचा, 2 जून 1966 चा. (पुढे 2014 मध्ये तेलंगण राज्य याच तारखेला जन्माला आलं, त्यामुळे दरवर्षी राज्य स्थापना दिनाचे कार्यक्रम ऐन उन्हात होतात.) जून महिना ऐकून नवल वाटेल, पण आपल्या शेजारच्या तेलुगू आजींना वाटणार नाही. 25 मे ते मृग लागेपर्यंतच्या दिवसांना त्या रोहिणी कार्ते म्हणतात. आपलं रोहिणी नक्षत्रच ते. रोहिणीत दगडी उखळंसुद्धा तडकतात, असं इथली म्हण सांगते. म्हण बनवणाऱ्यांकडे तापमापक नव्हता, पण तारखा त्यांनी अचूक पकडल्या होत्या.

आता आपल्या लोकांचा एक लाडका समज. लातूर, नांदेड, परभणीहून इथे आलेली मंडळी सांगतात की हैदराबाद बरं आहे, संध्याकाळी वारा सुटतो. माझी आईही दर उन्हाळ्यात लातूरहून येते ती याच भरवशावर. या समजाला आधार आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, जमीन खडकाळ आहे, तलाव होते, झाडं होती. सूर्य मावळला की दगड भराभर निवायचे आणि रात्र हलकी व्हायची. आजही गावाबाहेर, मोकळ्या माळावर तसं होतं. पण मियापूर, कुकटपल्ली, गच्चीबावलीत जिथे आपण राहतो तिथे दिवसभर काँक्रीट आणि डांबर उष्णता पितात आणि रात्री ती हळूहळू सोडत राहतात. दोन इमारतींमध्ये दहा फुटांची फट, तिच्यात प्रत्येक मजल्यावरच्या एसीचं गरम वारं. रात्री अकराला गच्चीत अनवाणी उभं राहून बघा, फरशी कोमट लागते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात तर छतच रात्रभर शेगडीचं काम करतं.

रात्रीचा हा मुद्दा मला दिवसाच्या कमाल आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवायला वेळ हवा असतो. हृदय दिवसभर त्वचेकडे जादा रक्त ढकलत असतं, ते थकलेलं असतं. रात्र थंड झाली तर ते सावरतं. सलग तीन-चार रात्री खोली तापलेलीच राहिली तर चौथ्या दिवसाचं 41 हे पहिल्या दिवसाच्या 41 सारखं राहत नाही. हवामान खातं आता 'उष्ण रात्र' असा वेगळा इशारा देतं तो यासाठीच. पण लंचच्या टेबलावर रात्रीचं किमान तापमान कुणी वाचून दाखवत नाही.

शरीर स्वतःला थंड कसं ठेवतं, हे समजायला माठासारखं दुसरं उदाहरण नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. आपला घाम नेमकं हेच करतो. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि उन्हात राबणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. अट एकच, तो घाम सुकला पाहिजे. टपटप गळून पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा काहीच देत नाही. म्हणून तर मुंबईत माठाचं पाणी लातूरच्या माठासारखं गार होत नाही. म्हणूनच आपल्या घरचा कूलर एप्रिलमध्ये देवासारखा वाटतो आणि जूनमध्ये ढग आले की तोच कूलर खोलीत नुसती चिकचिक करतो. हवेत आधीच बाष्प असेल तर आणखी वाफ घ्यायला जागा नसते.

याचं मोजमाप करायची जुनी युक्ती आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. जो आकडा येतो त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात, आणि तेच खरं तर माठाचं तापमान. हे 35 अंशांवर गेलं तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, वाऱ्यात, हवं तेवढं पाणी पिऊनही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असा हिशेब आहे. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, त्यांत ही मर्यादा 31 च्या आसपासच आढळली. म्हाताऱ्यांची, हृदयरोग्यांची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची मर्यादा त्याहून खालची असणार हे उघड आहे. कोरडं 42 आणि दमट 38 यांत कोणतं अधिक घातक, हे नुसत्या एका आकड्यावरून सांगता येत नाही ते यामुळे.

2015 चा मे महिना आठवा. तेलंगण राज्याला जेमतेम वर्ष होत होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे रोहिणी लागता लागता, तेलंगण आणि आंध्रावर उष्णतेची लाट बसून राहिली. देशभरात 2,000 हून अधिक माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक या दोन राज्यांतली होती. तेलुगूत ऊन लागण्याला 'वडदेब्ब' म्हणतात, देब्ब म्हणजे फटका. त्या दिवसांत तेलुगू वर्तमानपत्रांचं पहिलं पान या शब्दाने भरलेलं असायचं. गेलेले लोक कोण होते? बहुतेक शेतमजूर, बांधकामावरचे, रोजगार हमीच्या कामावरचे, हातगाडीवाले, आणि पत्र्याखाली एकटे झोपणारे वृद्ध. एसीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ओळखीत त्या वर्षी उष्माघाताने गेलेलं क्वचितच कुणी असेल. हजारो माणसं गेली आणि आपल्या ओळखीत कुणीच नाही, यावरून हे संकट कुणाच्या वाट्याला येतं ते कळतं.

शिवाय ही मोजणीसुद्धा अपुरीच असणार. पुरात बुडालेला माणूस पुरात बुडाला हे सांगायला डॉक्टर लागत नाही. उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा 'हृदयविकार' लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण पूर्णही नसतं.

इथे मला हैदराबादचा दुसरा, जुना पूर आठवतो. 28 सप्टेंबर 1908. मूसीला आलेल्या त्या पुरात सुमारे 15,000 माणसं गेली असं मानलं जातं. नदीवरचे पूल वाहून गेले, पुराना पूल तेवढा उभा राहिला. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड अजून आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक त्याच्याखाली जमतात. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आपल्या मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा आदल्याच वर्षी, 1907 मध्ये सुरू झालेली होती. तेव्हा या शहरातल्या मराठी घरांनीही तो पूर पाहिला.

त्यानंतर जे झालं ते मला इंजिनिअर म्हणून फार भावतं. निजाम सरकारने 1909 मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी पाऊस किती पडला, पाणी कोणत्या वाटेने आलं, वरच्या बाजूचे किती तलाव फुटले, याचा हिशेब मांडला आणि सांगितलं की शहराच्या वर, मूसी आणि इसी या दोन्ही नद्यांवर पाणी अडवा. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी पुढे कितीतरी वर्षं शहराला पाणी पाजलं. आज त्यांच्याभोवती काय चाललंय हा वेगळा आणि चीड आणणारा विषय आहे, पण मुद्दा असा की एका रात्रीच्या संकटाने वीस वर्षं पुरेल इतकं काम सुरू केलं.

उन्हाने गेलेल्यांसाठी या शहरात असं एखादं झाड नाही. 2015 ची आठवण म्हणून कुठे कुणी जमत नाही. पूर दिसतो, त्याचा फोटो निघतो. 2025 च्या सप्टेंबरअखेर मूसीचं पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरलं तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर त्याचे व्हिडिओ आले, कारण नांदेड-लातूरच्या एसटीसाठी आपण सगळे तिथे कधी ना कधी उभे राहिलोय. उन्हाचा व्हिडिओ काय काढणार? रिकामा रस्ता दिसतो फक्त.

तरी एका शहराने हे करून दाखवलंय. अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला. नंतर अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढल्या आणि साधी वजाबाकी केली: त्या मे महिन्यात एकूण मृत्यू किती, आणि आदल्या-नंतरच्या वर्षांत याच महिन्यात किती. फरक निघाला 1,344. कुणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय याची गरजच उरली नाही. आकडा समोर आल्यावर महापालिका हलली आणि 2013 मध्ये दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना तिथे तयार झाली. इशारा कधी द्यायचा, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, दवाखान्यांत बर्फ आणि सलाईन तयार ठेवायचं, मजुरांच्या ठेकेदारांना कळवायचं, अशी अगदी घरगुती वाटावी इतकी साधी कामं. त्यानंतर देशात अशा योजनांची रांग लागली. तेलंगणचीही आहे.

उन्हाबद्दल बोलताना पाणी वेगळं काढता येत नाही, कारण घामाला पाणी लागतं. आणि पाण्याचा विषय निघाला की आपल्या लोकांची आणि या शहराची नाळ एकाच नदीशी जुळते. आपली मांजरा, इथली मंजीरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम, मग धाराशिव, लातूर, पुढे बिदर, तिथून तेलंगणात सिंगूर, आणि शेवटी कंदकुर्तीला गोदावरीत विलीन. लातूर शहर धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी पितं. हैदराबादही 1960 च्या दशकापासून हीच नदी पिऊ लागलं. 1956 पर्यंत उगमापासून संगमापर्यंत ती एकाच राज्यातून, हैदराबाद राज्यातून वाहत होती. आता तिच्या काठी तीन राज्यं आहेत.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाही. धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा आदेश, आणि 12 एप्रिलला मिरजेहून आलेली पाण्याची पहिली रेल्वे, दहा वाघिणी, प्रत्येकीत 50,000 लिटर. नंतर वाघिणी पन्नास झाल्या. त्या गाडीला 'जलदूत' नाव दिलं होतं आणि स्टेशनवर तिचं स्वागत झालं. टीव्हीवर ते दृश्य पाहताना इथे माझ्या रूमवरचे मित्र मला विचारत होते, हे खरंच तुझं गाव का? आमच्या घरी त्या दिवसांत आंघोळीचं पाणी परातीत साठवून त्यानेच फरशी पुसली जायची. चुलत्यांनी दोन म्हशी विकल्या. दुष्काळात माणूस पाणी प्यायचंही मोजून मापून पितो, आणि 43 अंशांत तेच सर्वांत धोक्याचं ठरतं.

त्याच उन्हाळ्यात खाली, नदीच्या या टोकाला, सिंगूरही कोरडा पडला होता. उस्मानसागर आणि हिमायतसागर दोन्ही आटले होते. हैदराबादला ते फारसं जाणवलं नाही, कारण कृष्णेचं पाणी शंभरावर किलोमीटरांवरून पंपाने येत होतं आणि गोदावरीचं पाणी नुकतंच पोचलं होतं. लातूरकडे दुसरी नदी नव्हती. एकाच नदीवरची दोन गावं, एकाच वर्षी तहानलेली, आणि एकाच्या मागे पाइपलाइन होती तर दुसऱ्याच्या मागे रेल्वे. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इतका पाऊस झाला की सिंगूर भरून वाहिला आणि इथे निझामपेटच्या भंडारी लेआउटमध्ये अपार्टमेंटच्या तळमजल्यात दिवसचे दिवस पाणी साचून राहिलं. चार-पाच महिन्यांत हा सगळा प्रवास.

कोरडी जमीन आणि पूर यांचं नातं मला नीट कळलं ते फार लांब. कामानिमित्त कॅलिफोर्नियात असताना मित्रांबरोबर डेथ व्हॅली बघायला गेलो होतो. समुद्रसपाटीच्याही खाली गेलेलं वाळवंटी खोरं, चहूबाजूंनी डोंगर. तिथल्या फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश नोंदले गेले, तो आजही जगातला अधिकृत उच्चांक आहे. वर्षाचा पाऊस दोन-सव्वादोन इंच, म्हणजे आपल्याकडे एका वळवाच्या सरीत पडेल इतका. अशा जागी पुराची भीती कसली? पण 5 ऑगस्ट 2022 रोजी तिथे एका दिवसात दीड इंच पाऊस झाला आणि रस्ते वाहून गेले, सुमारे हजार माणसं अडकून पडली. उन्हाने भाजून टणक झालेली जमीन पाणी पीत नाही. आपण हैदराबादेत तेच काम काँक्रीटने केलंय. ऑक्टोबर 2020 मध्ये घटकेसरला एका दिवसात 32 सेंटीमीटर पाऊस झाला, पण शहर बुडालं ते केवळ पावसामुळे नाही. तलावांच्या वाटा बुजवल्या होत्या आणि मुरायला माती उरली नव्हती.

डेथ व्हॅलीतली आणखी एक गोष्ट डोक्यात राहिली. उन्हाळ्यात तिथे प्रवाशांना बजावतात की सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका. हौसेने फिरायला आलेल्यांना ही सूचना. माझ्या घराच्या खिडकीतून तीस मजली टॉवरचं काम दिसतं. तिथे मेमध्ये दुपारी दीड वाजता सळ्या बांधणारी माणसं असतात, आणि त्यांच्या सळ्या सावलीतल्या पेटीत ठेवलेल्या नसतात. आमच्या क्षेत्रात प्रोसेसर तापला की तो आपोआप वेग कमी करतो, नाहीतर जळेल. शरीरही तेच सुचवत असतं: बस, थांब, सावलीला जा. पण ज्याची मजुरी कामाच्या मापावर ठरते, त्याला वेग कमी करण्याची मुभाच नसते.

असं असलं तरी हे शहर उन्हापुढे अगदीच हात टेकून बसलंय असं नाही. मार्चच्या मध्यापासून तेलंगणात शाळा एकवेळच्या होतात, 'ओंटिपूट बडुलु', दुपारच्या आत मुलं घरी. चौकाचौकात 'चलिवेंद्रम' लागतात, म्हणजे आपली पाणपोई. काही ठिकाणी मज्जिग मिळतं, म्हणजे ताक. आणि कुठे कुठे अंबली. पहिल्यांदा मी ती प्यायलो तेव्हा हसू आलं, कारण ही तर आपली आंबीलच! इथे बहुधा नाचणीची, आपल्याकडे ज्वारीची. मीठ, पाणी, थोडं आंबवलेलं पीठ, थोडं ताक. घामाने जे जातं ते भरून काढायला याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही, हे दोन्ही भाषांच्या आज्यांना स्वतंत्रपणे कळलं असावं.

सरकारी पातळीवर दोन गोष्टी झाल्या आहेत. 2023 मध्ये तेलंगणने थंड छतांचं धोरण आणलं, छतांना पांढरा, ऊन परतवणारा लेप देण्याचं. 2025 च्या एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आणि उष्माघात यांना राज्याने स्वतःची आपत्ती म्हणून जाहीर केलं आणि मृतांच्या कुटुंबाला मिळणारी मदत 50,000 वरून 4 लाखांवर नेली. केंद्राच्या 12 आपत्तींच्या यादीत तेव्हा थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. हा निर्णय चांगलाच आहे. पण मदत मिळायला मृत्यू उन्हानेच झाला हे महसूल, पोलीस आणि आरोग्य खात्याच्या माणसांपुढे सिद्ध व्हावं लागतं, आणि एकट्या राहणाऱ्या परगावच्या मजुरासाठी हे कोण करणार? मला स्वतःला कामाच्या वेळा बदलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला खर्च कमी येतो आणि ते माणूस जिवंत असताना करता येतं.

हे आपल्या हातातलंही आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत बाहेरून रंगकाम सुरू होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात झुल्यावर काम करणारा एक मुलगा, विशीचा असेल, खाली उतरला आणि विचित्र बोलायला लागला. आपण कुठे आहोत ते त्याला कळेना. सोबतच्यांना वाटलं त्याने घेतली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मराठी काकू निवृत्त परिचारिका, त्यांनी एका नजरेत ओळखलं. त्याला पार्किंगच्या सावलीत आडवं केलं, शर्ट काढला, बादलीने पाणी ओतलं, कुणीतरी टेबलफॅन आणला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या लावल्या, आणि हे चालू असतानाच 108 ला फोन केला. तो वाचला. काकूंनी नंतर सगळ्यांना जमवून सांगितलं ते इथे जसंच्या तसं देतो. शरीर 40 च्या पुढे तापलं की आधी डोकं बिघडतं, म्हणून उन्हातला माणूस असंबद्ध बोलला की दारू समजू नका. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असंही समजू नका. दवाखान्यात न्यायच्या आधी आणि नेतानाही थंड करत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तसला नाही.

त्या महिन्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा ठेकेदार म्हणाला, वेळ बदलला तर काम दहा दिवस लांबेल. दोघा-तिघांनी पार्किंग अडेल म्हणून कुरकुर केली. शेवटी ठरलं ते असं: काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते सात, मजुरी पूर्ण दिवसाची. वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीवर चुन्याचा पांढरा हात आणि वर हिरवं शेडनेट. गेटजवळ एक माठ, डिलिव्हरीच्या पोरांसाठी, आणि त्यांना सामान्य लिफ्ट वापरायची परवानगी. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे जे चार ज्येष्ठ आहेत, त्यांच्याकडे लाटेच्या दिवसांत रात्री नऊ वाजता कुणीतरी एक फेरी मारायची, कारण त्यांच्या खोल्या तेव्हाच सर्वांत जास्त तापलेल्या असतात. या फेरीची यादी लिफ्टशेजारी लावली आहे. मंगळवार आणि शुक्रवार माझे आहेत. रंगकाम बारा दिवस उशिरा संपलं.